ऑनलाइन जुना फोल्डिंग चाकू घेताय? पैसे देण्याआधी असली-नकली आणि लॉक-पातं असं तपासा

नवी मुंबई : वाशी, नेरूळ, खारघरच्या पत्त्यावरच्या ‘जुनी वस्तू विकणे आहे’ अशा जाहिराती आता गावागावांतल्या मोबाइलवर दिसतात. त्यात फोन, सायकल, मिक्सर असतो, तसा मिटणारा फोल्डिंग चाकूही असतो. ‘परदेशातून आणलेला’, ‘ओरिजनल स्विस’, ‘एकदाच वापरला’ असं वर्णन आणि किंमत नव्याच्या निम्मी. रोपवाटिकेत कलमं बांधणारे, बागेत छाटणी करणारे, होडीवर दोर कापणारे अशांना असा चाकू रोज लागतो. त्यामुळे हात पटकन ‘चॅट’च्या बटणाकडे जातो.

पण यात धोका फक्त पैशांचा नाही. नकली किंवा झिजलेल्या चाकूचं पातं काम करताना अचानक मिटलं, तर ते थेट बोटांवर येतं. पावसाळ्यात कोय कलमांचा हंगाम ऐन भरात असताना हाताला टाके पडले, तर मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून चाकू घेण्याआधी आणि हातात आल्यावर काय बघायचं, ते नीट समजून घेऊ.

आधी फोटो मागा, मग भाव करा

जाहिरातीतला एकच चकचकीत फोटो पुरेसा नाही. विकणाऱ्याकडून निदान पाच फोटो मागा : पातं उघडून दोन्ही बाजूंनी, पात्याच्या बुडाशी कोरलेली अक्षरं जवळून, लॉक किंवा स्प्रिंग, पात्याचं टोक आणि चाकू मिटलेला असताना वरून. सोबत कागदावर आजची तारीख लिहून तो चाकूशेजारी ठेवायला सांगा. वस्तू खरंच त्याच्याकडे असेल, तर हे दोन मिनिटांचं काम आहे. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

जाहिरातीतला फोटो गुगल लेन्सवर टाकून बघा. तोच फोटो दुसऱ्या दुकानाच्या पानावर सापडला, तर तो उचललेला आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलची नवी किंमत आणि माप बघून ठेवा. पुढे तपासणीत ते कामी येतं.

उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरामुळे आपल्या भागात ‘कस्टमने पकडलेला माल’ असं सांगितलं की लोकांचा लगेच विश्वास बसतो. या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. नोंदणीकृत ब्रँडची नकल असलेला मालही कस्टम अडवतं, त्यासाठी २००७ चे वेगळे नियम आहेत. म्हणजे ‘पकडलेला माल’ खरा असला, तरी तो असलीच असेल असं नाही.

व्हिक्टोरिनॉक्स असली कसा ओळखायचा?

लाल मुठीचा ‘स्विस चाकू’ म्हणून ओळखला जातो तो प्रामुख्याने व्हिक्टोरिनॉक्सचा. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख इथे हा कारखाना सुरू केला. आज ज्याची सर्वाधिक नकल होते, त्या अनेक अवजारांच्या चाकूची नोंदणी १८९७ मध्ये झाली.

पहिली खूण पात्याच्या बुडाशी. मोठं पातं उघडलं की मुठीजवळ कंपनीचं नाव आणि ‘स्विस मेड’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं कोरलेली दिसतात. अक्षरं बारीक, पण स्वच्छ असतात. फुसकट, वाकडी किंवा नुसती रंगाने छापलेली असतील तर शंका घ्या. मात्र जुन्या काळात कंपनीने हा शिक्का बदलला आहे. त्यामुळे आजच्यापेक्षा वेगळा शिक्का दिसला म्हणून लगेच नकली म्हणू नका, बाकीच्या खुणाही बघा.

दुसरी खूण मुठीवर. असली चाकूवर क्रॉस हा ढालीच्या आकारात असतो. नुसता पांढरा क्रॉस छापलेला असेल आणि नखाने खरवडल्यावर निघत असेल, तर चाकू ठेवून द्या.

तिसरी खूण माप. पट्टी घेऊन मिटलेला चाकू मोजा. लहान किल्ल्यांच्या गुच्छातला ५८ मिलिमीटर, मधले ८४ आणि ९१, मोठा १११ मिलिमीटर. तुमच्या मॉडेलचं जे माप कंपनीने दिलंय, त्याच्याशी ते जुळायला हवं.

चौथी खूण आवाज. प्रत्येक अवजार उघडताना आणि मिटताना शेवटी ठसक्यात ‘खट’ बसायला हवं. चाकू उजेडासमोर धरा. दोन पट्ट्यांच्या मधून उजेडाची फट दिसत असेल, तर बनावट कच्ची आहे.

लाकडी मुठीचा ओपिनेल

फ्रान्सचा ओपिनेल १८९० पासून बनतो. शेतकऱ्याचा चाकू म्हणूनच तो सुरू झाला. त्याच्या पात्यावर मुकुट आणि उघडा हात अशी खूण कोरलेली असते. मुठीवर आकाराचा क्रमांक असतो आणि पात्याची लांबी त्या क्रमांकाला धरून असते. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, १० नंबरचं दहा सेंटिमीटर.

पात्याच्या बुडाशी असलेलं लोखंडी कडं फिरवलं की पातं अडकतं. ही सोय १९५५ मध्ये आली. कडं ढिलं झालं असेल आणि हातानेच सरकत असेल, तर लॉकचा उपयोग नाही. पावसात लाकूड फुगून पातं घट्ट झालेलं असू शकतं. तो दोष नाही, मूठ वाळल्यावर ते पुन्हा सुटतं.

लोहचुंबकाची परीक्षा फसवी

‘चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही’ असं अनेकजण सांगतात. ताटवाट्यांच्या बाबतीत हे बऱ्याचदा खरं ठरतं, चाकूच्या बाबतीत नाही. पात्याला धार टिकावी म्हणून जे कडक स्टेनलेस वापरतात, त्यालाही चुंबक चिकटतो. त्यामुळे या परीक्षेवर भाव ठरवू नका.

‘दमास्कस’ म्हणून नक्षीदार पातं मिळत असेल, तर नक्षी पात्याच्या पाठीवरही उतरली आहे का ते बघा. दोन्ही बाजूंना नक्षी आणि पाठ कोरी असेल, तर ती वरून उमटवलेली असण्याची शक्यता जास्त.

हातात आल्यावर तपासणी

चाकू असली आहे एवढ्यावर भागत नाही. तो कामाचा उरला आहे का, हे वेगळं बघावं लागतं.

पातं पूर्ण उघडा, मूठ घट्ट धरा आणि पातं पाठीकडून चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे, मग वर-खाली हलवा. बाजूला किंचित हललं तर स्क्रू आवळून चालतं. रिव्हेट ठोकलेला असेल तर ते सोपं नाही. वर-खाली खेळ असेल, तर लॉकच झिजलं आहे. असा चाकू घेऊ नका.

लॉक असलेल्या चाकूची पाठ लाकडी फळीवर हळू दाबून बघा. बोटं पात्याच्या वाटेत येऊ देऊ नका. आपटू तर मुळीच नका. लक्षात ठेवा, लहान स्विस चाकूंना लॉक नसतं, फक्त स्प्रिंग असते. त्यांच्यावर ही परीक्षा करायची नाही आणि काम करतानाही पात्याच्या पाठीवर जोर द्यायचा नाही.

धार अंगठ्याने बघू नका. दिव्याखाली धार वर करून धरा. धारेवर जिथे चमक दिसते तिथे ती बोथट किंवा खांडी पडलेली असते. मग वर्तमानपत्राचा कागद कापून बघा.

पात्याचा आकार नव्या चाकूच्या फोटोशी ताडून बघा. पातं अरुंद झालं असेल तर ते खूप वेळा घासलेलं आहे. टोक बुटकं दिसत असेल तर ते मोडून पुन्हा घडवलेलं असतं. धारेजवळ निळसर किंवा तपकिरी पट्टा दिसला, तर ग्राइंडरवर पातं तापलंय आणि त्याचं पाणी उतरलंय. अशी धार कितीही लावली तरी टिकत नाही.

गंज आणि डाग यातला फरकही ओळखा. कार्बन स्टीलच्या पात्यावर राखाडी-निळा रंग चढणं नेहमीचं आहे. लालसर भुकटी तेलाच्या कापडाने निघते. पण खड्डे पडले असतील, विशेषतः धारेवर किंवा रिव्हेटपाशी, तर भाव पाडण्यापेक्षा सौदा सोडलेला बरा. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत हे खड्डे वाढतच जातात.

कलमाचा चाकू असेल तर आणखी दोन गोष्टी

कलम बांधायच्या बऱ्याच चाकूंना एकाच बाजूने धार असते. दुसरी बाजू सपाट असते, म्हणून काडीवरचा काप सरळ आणि गुळगुळीत येतो. आधीच्या मालकाने दोन्ही बाजूंनी धार लावून घेतली असेल, तर तो चाकू भाजीचा झाला, कलमाचा राहिला नाही. असे चाकू उजव्या आणि डाव्या हाताचे वेगळे असतात, तेही विचारून घ्या. हिरव्या काडीवर एकच तिरका काप घ्या. काप लाटेसारखा आला किंवा साल फाटली, तर खुंट आणि काडी नीट जुळणार नाही.

जुन्या चाकूबरोबर दुसऱ्याच्या बागेतला रोगही येऊ शकतो. डाळिंबावरचा तेल्या छाटणीच्या अवजारांतून पसरतो, हे बागायतदारांना ठाऊक आहे. म्हणून चाकू आधी साबणाच्या पाण्याने आणि जुन्या ब्रशने घासा, मग सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने निर्जंतुक करा. हे द्रावण लोखंड खातं, त्यामुळे लगेच धुऊन, पुसून सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. फळं-भाजी कापायचा चाकू असेल तर हे तेल पात्याला लागू देऊ नका.

भेट कुठे घ्यायची, चाकू आणायचा कसा?

जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल आल्याने नेरूळ-बेलापूरला जाऊन वस्तू घेणं सोपं झालंय. पण फलाटावर किंवा गर्दीत पातं उघडून तपासणी करू नका. हार्डवेअरचं किंवा धार लावणाऱ्याचं दुकान ही चांगली जागा. तिथला जाणकार नजर टाकेल तो फायदा वेगळा.

शस्त्र नियम २०१६ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्यात चाकू-सुरे बाळगण्यावर बंदी असते. पनवेल आणि उरण परिसरातली पोलीस ठाणी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतात, म्हणून तिथले आदेश तिथेही लागू होतात. चाकू मिटवून, पुठ्ठ्यात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी ठेवा आणि थेट घरी या. खिशात मिरवू नका. बटण दाबताच पातं उसळणारा ‘रामपुरी’ शेतीकामाचा नाही, तो घेऊच नका. विमान प्रवासात हातातल्या बॅगेत चाकू चालत नाही.

फसवणूक झाली तर

वस्तू बघण्याआधी आगाऊ पैसे देऊ नका. ‘मी लष्करात आहे, बदली झाली, कुरिअरने पाठवतो’ ही जुनी युक्ती आहे. परत पैसे देतो म्हणून कोणी क्यूआर कोड पाठवला, तर तो स्कॅन करू नका. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. कुरिअरने आलंच तर पाकीट उघडताना व्हिडिओ काढा.

पैसे गेले तर तासाभराचाही उशीर न करता १९३० वर फोन करा. दुकानदाराने किंवा कंपनीने नकली माल दिला असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. पण घरातली जुनी वस्तू विकणारा माणूस हा व्यापारी नसतो. त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाणं अवघड, तिथे पोलीस तक्रारच करावी लागते. म्हणून चॅट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे दिल्याची नोंद आणि विकणाऱ्याचं नाव-नंबर लिहिलेली साधी पावती जपून ठेवा. चाकू चोरीचा निघाला, तरी हीच पावती तुमच्या बाजूने बोलेल.