काडतूस तेच, लॉट वेगळा

टीसी दिसला की मध्य रेल्वेने फिरणारा ठाकुर्लीकर आधी खिसा चाचपतो. मध्य रेल्वेच्याच एका टीसीने, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने, १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक ब्राँझ जिंकलं. त्याच्या एकाग्रतेवर रकानेच्या रकाने आले. काडतूस मात्र बातमीबाहेरच राहिलं.

या प्रकारात दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचं. बाहेरचा प्रत्येक पट्टा ८ मिलिमीटरचा. गोळी अडीच ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर. तो मुद्दाम ध्वनीहून कमी ठेवतात, कारण जास्त वेगाने सुटलेली गोळी वाटेत ध्वनीच्या वेगाखाली येताना डगमगते. निशाणापर्यंत जायला तिला सेकंदाचा जेमतेम सहावा भाग लागतो, पण तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला बारा-एक सेंटिमीटर खाली ओढतं. नेम हे धरूनच जुळवलेला असतो. आता एखादी गोळी सेकंदाला १० मीटरने मंद निघाली, तर ती आणखी सात-आठ मिलिमीटर खाली लागते. जवळपास अख्खा गुण गेला, आणि नेमबाजाचं काहीच चुकलेलं नाही!

म्हणून प्रत्येक काडतूस सारखं हवं. मोठ्या रायफलींच्या काडतुसात प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारा भाग, बुडाच्या मधोमध असतो, बदलता येतो. त्यामुळे परदेशातले हौशी नेमबाज वापरलेल्या पितळी केस निवडून, दारू काटेकोर तोलून काडतुसं स्वतः भरतात. स्वप्नीलच्या प्रकारातल्या पॉइंट बावीस काडतुसाला ही सोय नाही. पेट घेणारं रसायन केसच्या बुडाच्या पोकळ कडेत असतं. फायरिंग पिनने ती कड चेपली की केस भंगारात. इथे सातत्य घडवता येत नाही, निवडावं लागतं.

म्हणून खेळाडू आपली रायफल घेऊन काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांकडे, बर्मिंगहॅमला एलीकडे किंवा जर्मनीत लापुआकडे, जातात. रायफल पकडीत आवळायची, माणसाचा हात बाजूला, आणि एकेका लॉटच्या, म्हणजे एकत्र बनलेल्या खेपेच्या, दहा-दहा गोळ्या झाडायच्या. पाच गोळ्या नुसत्या नशिबानेही एका भोकात जातात, त्यामुळे आवडलेला लॉट पुन्हा तपासायचा. गंमत म्हणजे एकाच्या रायफलीतून एकाच जागी लागणारा लॉट दुसऱ्याच्या नळीतून विखुरतो. कारखान्याच्या दर्जाचा शिक्का इथे अर्धवटच कामाचा. लॉट जुळला की तो हजारोंच्या हिशेबाने उचलायचा, कारण पुढच्या लॉटला पुन्हा पकडीपासून सुरुवात.