गारपिटीनंतर मधपेटी कशी बघावी?

गारपीट थांबली की आमच्या तलमडुगूत माणूस आधी छपराचे पत्रे बघतो, मग गोठा, मग शेत. मधपेट्यांची आठवण सगळ्यात शेवटी होते. आणि झाली की हात थेट झाकणाकडे जातो. तिथेच जरा थांबायला हवे.

माझ्याकडे चार पेट्या आहेत, सगळ्या सातेरीच्या. सातेरी ही आपली देशी माशी. तेलुगूत मधमाशीला तेनेटीगा म्हणतात, त्यामुळे आमच्या गावात हिला दोन्ही नावांनी ओळखणारे लोक आहेत. ही माशी स्वभावाने हळवी. वारंवार छेडले, भूक पडली किंवा मुंग्यांनी सतावले, तर सगळे कुटुंब पेटी सोडून निघून जाते. वादळाने आधीच घाबरलेल्या माश्यांना आपण सकाळी सकाळी उघडे पाडले, तर उरलीसुरली पेटीही रिकामी व्हायची.

मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा तीन पेट्या जागेवर होत्या, चौथी स्टँडवरून खाली पडून झाकण निघाले होते. शेजारच्या भाऊंचे टरबूज नेमके फुलावर होते. टरबुजाचे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. तेवढ्या वेळात नरफुलाचे पराग माशीने मादीफुलावर नेले नाहीत, तर फळ धरत नाही. त्यामुळे माझ्याइतकीच काळजी त्यांनाही होती. "उघडून बघा ना एकदा," असे ते तीनदा म्हणाले.

पडलेली पेटी आधी उचलली. ती मूळ जागीच, दाराचे तोंड पूर्वीच्याच दिशेला ठेवून बसवली, कारण माशी घराची जागा लक्षात ठेवून परतते. आत शिरलेले पाणी निघावे म्हणून पुढची बाजू किंचित खाली केली. एक पोळे तुटले होते, ते केळीच्या सोपाने चौकटीला बांधले. स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी भरले, म्हणजे मुंग्या चढत नाहीत.

उभ्या असलेल्या तीन पेट्या त्या दिवशी उघडल्याच नाहीत. पिल्लांना 34 ते 35 अंशांची ऊब लागते. गार, ओल्या हवेत झाकण काढले की माश्यांनी जपलेली ऊब निघून जाते आणि पिल्ले गारठून मरतात. बाहेरूनही पुष्कळ कळते. ऊन पडल्यावर दाराशी ये-जा सुरू झाली का? माश्यांच्या पायांवर परागाच्या पिवळ्या गोळ्या आहेत का? पराग आत येत असेल, तर घरात बहुधा पिल्ले आहेत. दाराशी मेलेल्या माश्या दिसल्या म्हणून घाबरू नये. घर साफ करणाऱ्या माश्याच मेलेल्यांना ओढून बाहेर टाकतात. मागची बाजू थोडी उचलून बघितली की मधाचे वजन हाताला कळते.

पेटी हलकी लागली, तर साखरेचा पाक द्यावा. गारांनी कडुनिंबाचा मोहर झडला होता, म्हणजे माश्यांचे ताटच हिरावले गेले होते. एक भाग साखर, एक भाग पाणी. तो संध्याकाळी, पेटीच्या आतच ठेवायचा. बाहेर थेंब सांडला, तर वासाने दुसऱ्या पेटीच्या माश्या येऊन लूट करतात.

सहाव्या दिवशी, कडक ऊन असताना, मी चारही पेट्या उघडल्या. सहावाच दिवस का? राणीने घातलेले अंडे तीन दिवस अंडे राहते, मग त्याची अळी होते. वादळाच्या सहा दिवसांनंतर अंडे दिसले, तर ते नक्की वादळानंतरचे आणि राणी सुखरूप. राणी शोधत बसायची गरजच नाही. तीन पेट्यांत अंडी होती. पडलेल्या पेटीत एकही नव्हते. मात्र पोळ्यावर भुईमुगाच्या शेंगेसारखी दोन राणीघरे लोंबत होती. राणी गेली होती, आणि माश्यांनी कोवळ्या अळीतून नवी राणी घडवायला घेतली होती.

आता वाट बघणे एवढेच माझ्या हातात होते. नवी राणी बाहेर यावी, उडून नर माश्यांशी मीलन करून सुखरूप परतावी, तेव्हाच पेटी टिकणार. भाऊंनी त्या दिवसांत टरबुजावरची फवारणी संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावरच केली. मीही दर आठ दिवसांनी फक्त दाराकडे बघून येत होतो.

सव्विसाव्या दिवशी झाकण काढले. पोळ्याच्या तळाशी, प्रत्येक कोठीत एकेक अंडे उभे होते. एकाच कोठीत तीन-चार अंडी दिसली असती, तर राणीविना कामकरी माश्याच अंडी घालत आहेत, असे समजावे लागले असते.

ज्यांना पेट्या ठेवायच्या आहेत, त्यांनी आधी रीतसर शिकून घ्यावे. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था 1962 पासून हेच काम करते आहे. आणि वादळानंतर एवढे ध्यानात ठेवावे: पहिल्या दिवशी पेटी उभी करा, सहाव्या दिवशी अंडे शोधा. मधले दिवस माश्यांचे आहेत, ते त्यांना द्या.