मेघवनातील एक दिवस

उत्तर आणि दक्षिण अमेरिका या दोन खंडांना जोडणाऱ्या चिंचोळ्या भूभागास मध्य अमेरिका म्हणतात. त्याच्या पूर्वेस कॅरिबियन समुद्र, पश्चिमेस प्रशांत महासागर आणि मधोमध डोंगररांगांचा कणा आहे. याच भूभागातील कोस्टा रिका देशात, तिलारान पर्वतरांगेवर, सुमारे १,५०० मीटर उंचीवर मोंतेवेर्देचे अरण्य पसरले आहे. स्पॅनिश भाषेत या नावाचा अर्थ ‘हिरवा डोंगर’. पाठीवर सॅक घेऊन जगभर हिंडणारे प्रवासी जवळच्या सांता एलेना गावी मुक्काम करतात आणि सकाळी लवकर अरण्याची वाट धरतात.

अरण्यात शिरताच प्रथम जाणवतो तो एक आवाज. पाऊस पडत नसतो, तरीही झाडांखाली टपटप चालूच असते. कॅरिबियन समुद्रावरून येणारे वारे बाष्प घेऊन डोंगर चढतात. वर हवा थंड होते, बाष्पाचे ढग बनतात आणि ते ढग सरळ झाडांमधून वाहू लागतात. पानांवर, शेवाळावर, लोंबत्या मुळांवर धुक्याचे सूक्ष्म कण अडकतात, एकमेकांत मिसळून त्यांचे थेंब होतात आणि ते खाली गळतात. डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांतही हे अरण्य असे ढगांतून पाणी पीत राहते. म्हणूनच त्याला मेघवन म्हणतात.

येथे उघडी फांदी अशी सहसा दिसतच नाही. प्रत्येक फांदीवर शेवाळ, नेचे आणि आमरीची दाटी असते. या वनस्पती बांडगुळासारख्या झाडाचा रस शोषत नाहीत. त्यांना हवा असतो तो केवळ आधार. वर्षानुवर्षे त्यांची पाने कुजून फांद्यांवरच काळीभोर माती साचते. वडिलांकडून भारतीय वंशाच्या असलेल्या शास्त्रज्ञ नलिनी नाडकर्णी यांनी गिर्यारोहकांच्या दोरांनी वृक्षांच्या माथ्यावर चढून या मातीचा अभ्यास केला. मोठी झाडे स्वतःच्या फांद्यांतून मुळे फोडून या उंचावरच्या मातीतून अन्न घेतात, हे त्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. जमिनीवरून चालणाऱ्याच्या नजरेस ही मुळे पडत नाहीत.

पुष्कळ प्रवासी केवळ क्वेत्झाल पक्ष्यासाठी येतात. हिरवा तकतकीत रंग, लाल पोट आणि नराची देहाहून लांब शेपटी असे त्याचे रूप असते. पण तो रानटी अव्होकाडोच्या झाडावर इतका निश्चल बसतो, की त्याच्याखालून जाणाऱ्यालाही त्याचा पत्ता लागत नाही.

चढत चढत वाट ‘ला व्हेंताना’ म्हणजे ‘खिडकी’ या ठिकाणी पोहोचते. येथे वाऱ्याच्या माऱ्याने झाडे खुजी झाली आहेत. हा जलविभाजक आहे. पूर्व उतारावर पडलेला थेंब कॅरिबियन समुद्रास मिळतो, तर पश्चिम उतारावरचा प्रशांत महासागरास. पश्चिमेकडे कोरडा ऋतू कडक असतो आणि तेथील ओढ्यांना या अरण्याचाच आधार असतो.

हे मर्म येथे आलेल्या शेतकऱ्यांनी लवकर ओळखले. युद्धाला विरोध करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाची काही कुटुंबे १९५१ मध्ये अमेरिकेतून येथे स्थायिक झाली. कोस्टा रिकाने १९४८ मध्येच आपले सैन्य विसर्जित केले होते, हे त्यांचे येथे येण्याचे एक मोठे कारण. त्यांनी जंगल तोडून कुरणे केली, गाई पाळल्या, चीजचा कारखाना काढला. मात्र ओढ्यांच्या उगमावरील जंगलास हात लावला नाही. पुढे १९७२ मध्ये येथे राखीव अरण्याची स्थापना झाली.

तरीही कुंपण घालून ढग राखता येत नाहीत. याच डोंगरमाथ्यावर, जगात अन्यत्र कोठेही न आढळणारा, सोनेरी बेडूक राहत असे. १९८७ मध्ये विणीच्या काळात असे दीड हजारांहून अधिक बेडूक दिसले. दुसऱ्या वर्षी ते अगदी मोजके उरले, १९८९ मध्ये एकच नर दिसला आणि त्यानंतर कोणीही तो पाहिला नाही. २००४ मध्ये ही जात नष्ट झाल्याचे जाहीर करण्यात आले. कातडीवर वाढणारी घातक बुरशी आणि बदलते हवामान यांपैकी कोणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. मात्र १९७० च्या दशकापासून कोरड्या ऋतूतील धुके नसलेले दिवस वाढत गेले, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. ढग पूर्वीपेक्षा अधिक उंचीवर तयार होऊ लागले असावेत, असा त्या संशोधकांचा तर्क होता.

अशा एखाद्या निरभ्र दिवशी आलेला प्रवासी स्वतःस भाग्यवान समजतो. ‘खिडकी’वरून त्याला दोन्ही उतार दूरवर दिसतात आणि छायाचित्रेही उत्तम मिळतात. परतीच्या वाटेवर झाडांखालची टपटप मात्र त्याला ऐकू येत नाही.