यंत्र आले, विद्या कुठे?

मी रीतसर शिकलेला इतिहासकार नाही. डॅनियल हेड्रिक या अमेरिकी इतिहासकाराचे ग्रंथ मात्र मी पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे. १९८१च्या ‘द टूल्स ऑफ एम्पायर’मध्ये त्यांचा प्रश्न साधा आहे : एकोणिसाव्या शतकात युरोपने आशिया-आफ्रिका इतक्या झपाट्याने कशी जिंकली? आगबोट, नव्या बंदुका, समुद्राखालच्या तारा, आणि हिवतापावरचे क्विनीन, ही त्यांनी दाखवलेली साधने.

१९८८च्या ‘द टेंटॅकल्स ऑफ प्रोग्रेस’मध्ये हा प्रश्न आपल्या दाराशी येतो. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. तरी इंजिने पुढेही बहुतांशी ब्रिटनहूनच येत राहिली. हेड्रिक यंत्राचे स्थलांतर आणि विद्येचा प्रसार या दोन गोष्टी वेगळ्या करतात. वसाहतीत पहिली झाली, दुसरी अडली.

२०१०च्या ‘पॉवर ओव्हर पीपल्स’मध्ये ते साधनांच्या मर्यादाही तपासतात. आकाशावर हुकमत असूनही अमेरिका व्हिएतनाममध्ये हरली.

तीस वर्षांच्या या वाटचालीतून मी एवढे शिकलो : नवे यंत्र दिसले की त्याच्या वेगाने दिपण्याआधी विचारावे, ते घडवण्याची आणि दुरुस्त करण्याची विद्या कोणाच्या हाती आहे?