शेवटच्या सायकलीची वाट

समूहाने केलेला देशव्यापी सायकलप्रवास नेमका केव्हा पूर्ण होतो, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. कारण एकट्याने निघालेल्याचे चाक ठरलेल्या ठिकाणी टेकले की त्याचा प्रवास संपतो, पण शंभर जण निघाले असतील तर पहिला पोहोचल्याने काहीच पूर्ण होत नाही आणि सर्वांत मागचा येईपर्यंत पुढे आलेल्यांचेही पोहोचणे अपुरेच राहते. महाराष्ट्राला ही गोष्ट वारीने शिकवलेली आहे. एकादशीला विठ्ठलाचे दर्शन झाले तरी आषाढी वारीची सांगता पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्याने होते, म्हणजे चालणे थांबल्यानंतर काही दिवसांनी, आणि तीही सर्वांनी एकमेकांना प्रसाद भरवल्यावर.

सायकलीवरच्या अशा प्रवासाचे मराठी माणसाला सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५मध्ये कन्याकुमारीहून काढलेली आणि १९८६मध्ये काश्मीरपर्यंत नेलेली ‘भारत जोडो’ यात्रा होय. १९८४ साली सुवर्णमंदिरातील लष्करी कारवाई, पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या आणि त्यानंतर शिखांविरुद्ध उसळलेला हिंसाचार यांनी देश हादरला होता, आणि तुटत चाललेली माणसे जोडायची तर त्यांच्या गावांतून, त्यांच्या वेगाने गेले पाहिजे, या भावनेने शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर निघाले. सत्तरी ओलांडलेल्या बाबांना पाठीच्या कण्याच्या आजारामुळे बसणे अशक्य झाले होते. त्यामुळे खास तयार केलेल्या वाहनात पडून राहूनच त्यांनी हे अंतर कापले. शरीराने सर्वांत जायबंदी असलेला माणूसच ज्या जथ्याच्या केंद्रस्थानी होता, त्या जथ्याला दुबळ्याला मागे टाकून पुढे जाण्याचा विचार शिवणे शक्य नव्हते, आणि या यात्रेचे खरे मोठेपण अंतरापेक्षा यातच आहे.

एकत्र चालण्याला भावनेइतकाच भौतिकशास्त्राचाही आधार आहे. सपाट रस्त्यावर वेग वाढू लागला की सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवेला बाजूला सारण्यात खर्च होते, मात्र पुढच्या सायकलीच्या मागे हात-दीड हाताच्या अंतराने राहिल्यास तिचा आडोसा मिळतो आणि मागच्याचे श्रम साधारणपणे एक चतुर्थांश ते एक तृतीयांशाने कमी होतात. यालाच सायकलपटू ‘ड्राफ्टिंग’ म्हणतात. म्हणून जाणते गट पुढचा माणूस ठरावीक वेळाने बदलतात आणि थकलेल्याला मध्ये घेतात. देवगाव रंगारीहून कन्नडकडे जाताना समोरून वारा असेल तर या आडोशाचे मोल लगेच कळते, पण पुढे औट्रम घाट उतरून खानदेशात गेलेला गट परतताना तोच घाट चढू लागला की आडोसा जवळजवळ निरुपयोगी ठरतो. कारण चढावर वेग मंदावतो, हवेऐवजी स्वतःचे आणि सायकलीचे वजन वर ओढावे लागते, आणि प्रत्येकाची ताकद वेगळी असल्याने रांग फुटते. घाटमाथ्यावर थांबून वाट पाहणे हा मग शिष्टाचार राहत नाही, तो समूह टिकवण्याचा एकमेव उपाय ठरतो.

थांबण्याची कारणे पुष्कळदा अगदी क्षुल्लक असतात. एक बाभळीचा काटा रुततो, टायर सोडवून ट्यूब बाहेर काढली जाते, हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात वीत-वीत बुडवली जाते, बुडबुडे निघालेली जागा कोरडी करून कानशीने खरवडली जाते, सोल्यूशन सुकू दिले जाते आणि मगच ठिगळ बसते. या साऱ्यात जाणारी वीस मिनिटे एका सायकलीची नसतात, सगळ्या रांगेची असतात.

प्रत्येक गट अखंड पोहोचतोच असे नाही. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर जगप्रदक्षिणेला निघाले, पण १९२८मध्ये परतले ते अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघेच, सुमारे ७१ हजार किलोमीटर कापून. याउलट नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघातून ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली, आणि ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. संघांसाठीची मर्यादा ९ दिवसांची आहे. या प्रकारात एक जण चालवतो तेव्हा दुसरा वाहनात झोप आणि अन्न मिळवतो, म्हणजे सोबती शेजारी नसतानाही प्रवास मात्र दोघांचा असतो.

शेवटच्या मुक्कामानंतर शरीर लगेच मोकळे होत नाही. हँडलवर दिवसेंदिवस भार राहिल्याने तळहातातली नस दबते आणि करंगळी व अनामिका कधीकधी कित्येक आठवडे बधिर राहतात. खोगिराच्या घर्षणाने झालेल्या जखमा भरायला वेळ लागतो. मनाचेही तसेच असते, कारण पहाटे उठून कोण कुठे आहे हे मोजण्याची सवय जडलेल्या माणसाला घरी परतल्यावर ती मोजणी उरलेली नसते, आणि ही पोकळी थकव्यापेक्षा जास्त जाणवते.

‘भारत जोडो’च्या बाबतीत तर काश्मीर हा शेवट ठरलाच नाही. दक्षिणेकडून उत्तरेकडे एक रेघ ओढून झाली होती, पण ईशान्येकडचा भारत तिच्या बाहेर राहिला होता. म्हणून १९८८ साली बाबा आमटे पुन्हा निघाले, या वेळी अरुणाचलातील इटानगरहून गुजरातच्या किनाऱ्यावरील ओख्याकडे.