जर्मनीवरचा पहिला बॉम्बहल्ला आणि निजामाचे नाव

४ सप्टेंबर १९३९. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारून जेमतेम एक दिवस झाला होता. इंग्लंडमधल्या वॅटिशॅम तळावरून ब्लेनहाइम जातीची दहा विमाने उडाली आणि खाली उतरलेल्या ढगांतून वाट काढत विल्हेल्म्सहाफेनजवळ नांगरलेल्या जर्मन युद्धनौकांकडे गेली. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश हवाई दलाचा हा पहिला बॉम्बहल्ला. त्यातल्या पाच विमानांच्या तुकडीचे अधिकृत नाव होते ११० हैदराबाद स्क्वॉड्रन. हे हैदराबाद म्हणजे निजामाचेच, आणि परभणी हा त्याच्या संस्थानातल्या मराठी मुलखाचा एक जिल्हा.

हल्ला धाडसी होता, फळ मात्र फार नव्हते. ‘ॲडमिरल शेअर’ या नौकेवर बॉम्ब आदळले, पण फुटलेच नाहीत. दोन्ही तुकड्यांची मिळून पाच विमाने परतली नाहीत. त्यांतले एक ‘एम्डेन’ या क्रूझरवर कोसळले. शिवाय नागरिक मरू नयेत म्हणून गोदीकडे आणि किनाऱ्याकडे वळायचे नाही, अशी वैमानिकांना ताकीद होती. युद्ध पुकारूनही ब्रिटनचा हात आखडता होता तो असा.

हा आखडता हात तीन वर्षांचा होता. मार्च १९३६ मध्ये हिटलरने निःशस्त्र ठरवलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घातले. फ्रान्स आणि ब्रिटनने निषेधापलीकडे काही केले नाही. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गेला. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर म्युनिकमध्ये ब्रिटनचे चेंबरलेन आणि फ्रान्सचे दलादिए यांनी चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रांत हिटलरला देऊन टाकला, तोही चेकांना चर्चेला न बोलावता. मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले, तेव्हा कुठे ब्रिटनने पोलंडला संरक्षणाची हमी दिली. ऑगस्टमध्ये हिटलरने स्टालिनशी करार उरकला आणि १ सप्टेंबरला पोलंडवर चाल केली. ३ तारखेला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या कोणत्याही पुढाऱ्याला न विचारता हिंदुस्थानही युद्धात उतरल्याचे जाहीर केले.

आता तुकडीला हैदराबादचे नाव कसे पडले ते. १९१८ मध्ये, पहिले महायुद्ध संपत आलेले असताना, सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने ११० स्क्वॉड्रनची सगळी पहिली विमाने भेट दिली. डीएच-९ए जातीची ही दोन पंखी बॉम्बफेकी विमाने. प्रत्येकावर निजामाची भेट असल्याचा मजकूर आणि क्रमांक रंगवलेला. त्यांतल्या एकाची कथा कादंबरीकाराला सुचली असती तर संपादकाने ओढूनताणून जुळवली म्हणून परत पाठवली असती. एफ१०१० नोंदणीचे, ‘हैदराबाद क्रमांक १२ए’ असे लिहिलेले हे विमान ५ ऑक्टोबर १९१८ ला हल्ल्यावर असताना शत्रूच्या मुलखात उतरले आणि त्यातले दोघे कैद झाले. जर्मनांनी विमान जपले, पुढे बर्लिनच्या विमान संग्रहालयात मांडले. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बॉम्ब पडू लागल्यावर संग्रह हलवला गेला आणि हे विमान पोलंडमध्ये पोचले. युद्धानंतर ते क्राकोच्या संग्रहालयात राहिले. अखेर १९७७ मध्ये ब्रिटिशांनी एक स्पिटफायर देऊन ते मायदेशी नेले.

निजामाच्या दानशूरपणाची ही एक बाजू. त्याची तिजोरी भरणाऱ्या रयतेचे काय चालले होते? गोदाकाठच्या काळ्या जमिनीत कापूस पिकवून तो सेलू-मानवतच्या बाजारात घालणाऱ्या शेतकऱ्याला सारा भरावाच लागे, पण राज्यकारभारात शब्द नव्हता. ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानामुळे साधी सभा घ्यायलाही परवानगी लागे. तरी १९३७ मध्ये परतूरला, जे तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच सप्टेंबरमध्ये तिच्यावर बंदी आली. २४ ऑक्टोबर १९३८ ला नानलांच्या नेतृत्वाखाली बंदीविरुद्धच्या सत्याग्रहाच्या पहिल्या तुकडीला हैदराबादेत अटक झाली; तीन दिवसांनी चळवळीचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. म्युनिक कराराला तेव्हा महिनाही झालेला नव्हता. एका हुकूमशहापुढे नमते घेणारा ब्रिटन आपल्या पंखाखालच्या या एकतंत्री राजाला त्याबद्दल काही विचारील, ही अपेक्षाही कुणाची नव्हती.

युद्ध पेटल्यावर निजामाचे नाव आणखी झळकले. १५२ आणि २५३ या स्क्वॉड्रननाही हैदराबादचे नाव मिळाले आणि १९४० च्या बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये त्यांच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांनी जर्मनांशी झुंज घेतली. ‘निजाम’ नावाची विनाशिका ऑस्ट्रेलियन नौदलातून भूमध्य समुद्रात लढली. ११० स्क्वॉड्रन तर १९४२ मध्ये हिंदुस्थानातच आले आणि इथून ब्रह्मदेशात जपान्यांवर गेले. १५२ च्या बोधचिन्हावर निजामाचे शिरोभूषण होते आणि खाली ब्रीद, ‘फेथफुल अलाय’, विश्वासू मित्र. पहिल्या महायुद्धातल्या मदतीबद्दल इंग्रजांनी निजामाला दिलेली हीच पदवी.

१९४८ मध्ये निजामाला त्या मैत्रीची गरज पडली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १६ तारखेला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेने हैदराबादची तक्रार ऐकायला घेतली, पण १७ ला निजामाने शस्त्रे खाली ठेवली आणि पुढच्या आठवड्यात तक्रारही मागे घेतली. लंडनहून विमान आले नाही. परभणीचा निजामी अंमल संपला; शिरोभूषणाचे ते चिन्ह मात्र मधली काही वर्षे वगळता ब्रिटिश हवाई दलात १९६७ पर्यंत टिकले. १५२ स्क्वॉड्रन त्या वर्षी बरखास्त झाले, आणि निजामही त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला.