नर्मदेच्या घाटांना धनी कोण?

राष्ट्रीय जलमार्गांचा कायदा १२ एप्रिल २०१६ रोजीं अंमलांत आला, आणि त्या दिवसापासून आमच्या नंदुरबार जिल्ह्याच्या वांट्यास, निदान कागदोपत्रीं, दोन राष्ट्रीय जलमार्ग आले. पूर्वींच्या ५ जलमार्गांत १०६ नव्यांची भर पडून देशांत एकंदर १११ झाले. त्यांत ७३ वा क्रमांक नर्मदेचा, लांबी २२६ किलोमीटर, आणि १०० वा तापीचा, लांबी ४३६ किलोमीटर.

तापीचें प्रकरण थोडक्यांत आटोपतें. हतनूरच्या धरणापासून खंबायतच्या आखातापर्यंत तिची लांबी मोजली आहे खरी. पण वाटेंत सारंगखेडें व प्रकाशें येथील बंधारे, आणि पुढें १९७२ सालीं पुरें झालेलें उकाईचें धरण हीं आडवीं पडलीं आहेत. दक्षिण काशी म्हणून प्रकाशें येथें येणारा यात्रेकरू सडकेनें येतो, नावेनें नव्हे.

नर्मदेची गोष्ट निराळी. १३१२ किलोमीटर वाहणारी ही नदी महाराष्ट्रास केवळ सीमेपुरती स्पर्श करिते : ३५ किलोमीटर मध्यप्रदेशासमोर व ३९ किलोमीटर गुजराथेसमोर. पूर्वीं सातपुड्याच्या ह्या घळींतून ती खडकांवर आपटत जात असे; एके ठिकाणीं पात्र इतकें अरुंद कीं, त्यास हरणफाळ हेंच नांव पडलें. तसल्या पाण्यांत नौकानयन कसलें? परंतु खालीं सरदार सरोवराची भिंत उठली, पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटरपर्यंत चढविण्याची सोय झाली, १७ सप्टेंबर २०१७ रोजीं तें धरण राष्ट्रास अर्पण झालें, आणि मागें २१४ किलोमीटर लांबीचा जलाशय पसरला. अक्कलकुवा तालुक्यांतील ९ व अक्राणींतील २४ अशीं महाराष्ट्राचीं ३३ गांवें त्याच्या तडाख्यांत सांपडलीं. जीं कुटुंबें पुनर्वसनासाठीं मैदानांत उतरलीं तीं उतरलीं. जीं डोंगरावरच राहिलीं, त्यांच्या पायवाटा पाण्याखालीं गेल्या.

येथें बंदर बांधण्याचें कोणाच्या मनांतही नव्हतें. पण बंदराचें काम मात्र सुरू झालें. रोग्यांसाठीं तरंगते दवाखाने आले. मणिबेलीसारख्या गांवीं निवडणुकीचे कर्मचारी मतदानयंत्रें घेऊन नावेनें जाऊं लागले. २०२० च्या महामारींत अक्कलकुवा तालुक्यांतील एक अंगणवाडी सेविका स्वतः वल्हें मारीत पाड्यापाड्यांवर जाई, बालकांचीं वजनें घेई व त्यांचा आहार पोंचवी. तिचें कौतुक देशभर झालें, तें योग्यच झालें. मात्र सरकारी कामाकरितां एका बाईस वल्हें हातांत घ्यावें लागतें, ह्याचा विचार त्या कौतुकाच्या भरांत फारसा कोणीं केला नाहीं.

ह्या व्यवहारांत जोखीम किती, तें १५ जानेवारी २०१९ रोजीं दिसून आलें. मकरसंक्रांतीनिमित्त नर्मदेच्या पूजेस निघालेल्या आदिवासी यात्रेकरूंची नाव धडगांव तालुक्यांत उलटली आणि मुलाबाळांसह अनेक जीव गेले. नावेंत माणसें मर्यादेबाहेर चढलीं होतीं असें त्या वेळीं वर्तमानपत्रांत आलें. पण मर्यादा ठरविणारा कोण, चढणारांची गणती करणारा कोण, आणि 'आतां पुरे' म्हणून नाव थांबविणारा कोण?

ह्याच नदीच्या मुखाशीं दोन हजार वर्षांपूर्वीं ह्या प्रश्नास उत्तर होतें. तेव्हांचें भृगुकच्छ म्हणजे आजचें भडोच. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस' ग्रंथांत त्याचें वर्णन आहे. नदीचें मुख वाळूच्या दांड्यांनीं भरलेलें व भरतीचा लोंढा भयंकर, म्हणून राजाच्या चाकरींतील कोळी मोठ्या नावा घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, परक्या गलबतांस दोर लावून वल्हवीत आणीत, आणि ओहोटी लागली कीं ठराविक डोहांत नांगर टाकावयास लावीत. आपल्या पैठणचा माल वीस दिवसांची वाट तुडवून गाड्यांवरून ह्याच बंदरास जाई. वाटाडे राजाचे, डोह ठरलेले, वेळ ठरलेली : भडोचची भरभराट नुसत्या धक्क्यावर झाली नव्हती.

कौटिल्यानें तर ह्या कामासाठीं नावध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारीच सांगितला आहे. मोठ्या नावेवर शासक, नियामक, विळा धरणारा, दोर धरणारा व पाणी उपसणारा असे निरनिराळे लोक असावेत. अवेळीं किंवा घाट सोडून भलत्या ठिकाणीं उतरूं देऊं नये. बाल, वृद्ध, रोगी, गर्भिणी इत्यादिकांस फुकट उतरवावें. (ह्या यादींत ब्राह्मणही आहेत, हें सांगून टाकलेलें बरें.) पण सर्वांत मोलाचा नियम पुढें आहे. माणसें वा साधनें अपुरीं असल्यामुळें किंवा डागडुजी न केल्यामुळें नाव बुडाली, तर नुकसान नावध्यक्षानें भरून द्यावयाचें. मनूनेंही नावाड्यांच्या चुकीनें झालेली हानि नावाड्यांवर टाकली व दैवी आपत्तींतून त्यांस मोकळें केलें. दोघांनींही जबाबदार माणूस अगोदर ठरविला आहे.

आज धनी एक नाहीं, चार आहेत. जलमार्ग राष्ट्रीय, म्हणून तो केंद्राच्या अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाकडे. यंत्रावर चालणाऱ्या नावांची नोंदणी व तपासणी राज्याकडे. १९१७ चा जुना कायदा जाऊन आलेल्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यांत विमा व जीवरक्षक साधनांचीं कलमें चांगलीं आहेत. वल्ह्यांच्या नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोंपविण्याची तरतूदही त्यांत आहे. आणि चौथा धनी सर्वांहून प्रबळ, म्हणजे पाणी राखणारें व सोडणारें गुजराथेंतील धरण.

ह्या चौथ्यामुळेंच येथें दगडी धक्का निरुपयोगी ठरतो. जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, तर नीचतम पातळी ११०.६४ मीटर धरलेली आहे. म्हणजे किनारा उभ्या उंचींत सुमारें २८ मीटर खालींवर होऊं शकतो. भाद्रपदांत जेथें नाव लागते, तेथून वैशाखांत पाणी डोंगरउतारावर फार खालीं गेलेलें असतें आणि मध्यें चिखल व जुन्या झाडांचे बुंधे उघडे पडतात. आजाऱ्याची झोळी त्या चिखलांतून न्यावयाची. पाण्याबरोबर चढणारा-उतरणारा तरंगता धक्का हाच ह्यावर उपाय होय, आणि तोही दर ऋतूंत सरकवावयास माणसें लागतात.

मालवाहू बंदराचीं स्वप्नें येथें कोणीं पाहूं नयेत. धरणाच्या भिंतींतून नाव खालीं उतरविण्याची सोयच ठेविलेली नाहीं, त्यामुळें भडोचचा समुद्र मणिबेलीस बंदच आहे. हवें आहे तें फार थोडें : मुख्य घाटांवर तरंगते धक्के, प्रत्येक नावेवर ठळक अक्षरांत उतारूंची संख्या, तेवढींच लाईफ जॅकेटें, पाणी चढण्या-उतरण्याची आगाऊ खबर पाड्यापर्यंत आदिवासींच्या बोलींत, आणि सणाच्या व बाजाराच्या दिवशीं घाटावर उभा राहून माणसें मोजणारा एक पगारी मनुष्य. त्याची नेमणूक जिल्हा परिषदेनें करावी कीं १९९६ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळानें, ह्याचा निकाल मुंबईनें लावावा. पण तो पुढच्या संक्रांतीपूर्वीं लावावा.